दोना जोविनाच्या शेजारची जागा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. साओ पाउलोतल्या एका माळ्यावर पडून असतो. काचेवर बुरशी चढली आहे, पण किल्ली दिलीत तर कुरकुरत का होईना, अजून चालेन.

माझी उमेदीची वर्षं स्टुडिओत गेली. ब्राझीलच्या उकाड्यात कापसाचा बर्फ पाडायचे आणि त्यात गोऱ्यापान नट्या खोटंखोटं कुडकुडायच्या. मी मुकाट्याने टिपत असे. पुढे स्टुडिओ बुडाला आणि लाउरिंदो नावाच्या तापट दिग्दर्शकाने मला खांद्यावर घेतलं.

"आपल्या सिनेमात आपलीच माणसं नाहीत! लाज कशी वाटत नाही आपल्याला?" तो येईल त्याला सुनवायचा. ऊन मऊ करणारी माझ्यापुढची काच त्याने काढून फेकली आणि मला थेट ईशान्येच्या मिठागरांवर नेलं. तिथे नट नव्हते. जे मीठ ओढायचे, तेच पडद्यावर मीठ ओढणार होते. असं आमच्याकडे तोवर कुणी केलं नव्हतं.

त्यांच्यात दोना जोविना होती; दोना म्हणजे आमच्याकडे 'बाई'. तिचा मुलगा जुरांदिर मिठाची होडी उलटून गेला होता. प्रेतही मिळालं नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी त्याचा अंगठ्याएवढा फोटो लाउरिंदोच्या हातात ठेवला.

"याला विसरू नकोस हं, पोरा."

"नाही विसरणार, दोना," तो म्हणाला आणि गहिवरून त्याने फोटो खिशात जपून ठेवला. शहरातला माणूस! त्याला काय कळणार?

त्या मुलखात फोटो रंगवून देणारे फेरीवाले दारोदार फिरतात. अनवाणी माणसाला बूट चढवतात, मेलेल्याचे डोळे उघडतात, आईशेजारी हरवलेला मुलगा बसवतात. जोविनाला वाटलं, हाही त्यातलाच, फक्त यंत्र मोठं. म्हणून मीठ ओढताना ती डाव्या हाताला माणूसभर जागा सोडून उभी राहायची.

"दोना, जरा मधे या ना!" लाउरिंदो ओरडायचा.

"मी आहे तिथं बरी आहे. तू तुझं बघ!"

शेजारीण क्रेमिल्दा फावड्यावर रेलून म्हणायची, "जागा पुरेल ना गं? नाहीतर रंगवणारा बसवणार कुठं जुरांदिरला?"

"पुरेल. पॅन्ट तेवढी नवी रंगवा म्हणावं."

हे मी ऐकत होतो, पण मला तोंड नाही. शेवटी लाउरिंदोने हात टेकले आणि ती उभी होती तशीच तिला टिपली.

चित्रपट गाजला. राजधानीतले विद्वान म्हणाले, "काय ती चौकट! त्या रिकाम्या जागेत साऱ्या देशाची भूक उभी आहे!" लाउरिंदो फुशारून गेला. ती जागा आपल्यालाच सुचली होती, असं त्याला हळूहळू खरंच वाटायला लागलं. माझंही कौतुक झालं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

मग लाउरिंदो तो चित्रपट घेऊन मिठागरांवर गेला. बघणाऱ्यांचे चेहरे टिपायला मी बरोबर होतोच. दुपारी मिठाच्या गोदामाची दारं लावून चादर ताणली. माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली. आपापले चेहरे दिसले तशी हसाहशी, टवाळी सुरू झाली. मग जोविना पडद्यावर आली आणि खरी जोविना बाकावरून उठली.

"हा कुठंय?"

"कोण, दोना?"

"कोण काय विचारतोस? माझा जुरांदिर! फोटो दिला होता ना तुला? जागासुद्धा सोडली होती मी. आता काय झोपा काढल्या तुम्ही?"

लाउरिंदोने मला खाली ठेवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने ते रीळ पुन्हा लावायला सांगितलं आणि स्वतः चादरीपुढे जाऊन रिकाम्या जागी उभा राहिला. त्याची काळी सावली जोविनाच्या शेजारी पडली.

जोविनाने डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाली, "टाचा उंच कर, पोरा. तो तुझ्यापेक्षा उंच होता."

लाउरिंदो रीळ संपेपर्यंत टाचा उंच करून उभा राहिला.

मित्रांनो, माझी काच पुसलीत तर उपकार होतील. नाही पुसलीत तरी तक्रार नाही. पण माझ्यासारखं यंत्र कुणावर रोखाल, तेव्हा आधी जवळ जा आणि विचारा, "तुम्ही असे बाजूला का उभे आहात?"