सहावी खोड

चेतनाने अंगठ्याने पडदा वर सरकवला आणि नावं तिसऱ्यांदा मोजली. पाच होती. तिसऱ्यांदा मोजल्याने सहावं उगवणार नव्हतं, आणि पाचांतलं एखादं बदलून तिचं होणार नव्हतं. मागे गॅसवर भाताचं पाणी उतू गेलं, बर्नर फसफसून विझला, तरी ती ओट्याला टेकून उभीच होती.

"काहीतरी जळून राहिलं," योगराज बाहेरच्या खोलीतून ओरडला. तो धानाच्या मळणीहून नुकताच आला होता आणि अंगावरचा भुसा झटकत होता.

"जळू दे," ती म्हणाली. गॅस मात्र तिने बंद केला.

चंदाने फुलं वाटली होती. झाडीपट्टीतल्या ब्लॉगवाल्यांचा तेवीस जणांचा एक व्हॉट्सॲप गट होता आणि त्यात दिवाळीपासून हा खेळ चालू होता. गोरेगावचे केवळराम काका, निवृत्त पोस्टमास्तर, सारस पक्ष्यांवर लिहायचे. खेळ त्यांनीच काढला. ज्याच्यावर पाळी येईल त्याने आपल्या सात खोडी जाहीर सांगायच्या, आणि आपल्याला आवडणाऱ्या पाच ब्लॉगना एकेक फूल द्यायचं. फूल म्हणजे कौतुकाच्या चार ओळी. मग त्या पाचांनी आपल्या खोडी सांगायच्या. काकांनी एक नियम कडक ठेवला होता. ज्याला फूल द्यायचं त्याला आधी त्याच्या ब्लॉगवर जाऊन, तिथे प्रतिक्रिया लिहून विचारायचं. फोनवर नाही, गटावर नाही. लग्नाची अक्षत दारात जाऊन द्यावी लागते, तसं.

त्यामुळे गेले पंधरा दिवस चेतना दिवसातून दहा वेळा स्वतःच्याच दारात डोकावून येत होती. 'पाळीवरून' हा तिचा ब्लॉग; पाळ म्हणजे तलावाचा बांध. गावोगावच्या जुन्या तलावांवर, ते खोदणाऱ्या आपल्या कोहळी समाजातल्या पूर्वजांवर ती नऊ वर्षं लिहीत होती. एकेका तलावासाठी उन्हातान्हात पाळीवरून चालत गेली होती, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून माहिती काढली होती. आणि प्रत्येक लेखाखाली काय होतं? शून्य प्रतिक्रिया. कोणी यायचं नाही, कोणी विचारायचं नाही. गेली चार वर्षं असंच होतं.

आणि चंदा! चंदाला ब्लॉग म्हणजे काय हे चेतनानेच शिकवलं होतं. दोघी एका गावच्या, एका बाकावरच्या. चंदा लग्नानंतर गोंदियाला गेली, घरात बसून कंटाळली, तेव्हा चेतनाने तिला खातं उघडून दिलं आणि 'मूठभर तांदूळ' हे नावही सुचवलं. आता त्या बाईने भाताच्या मांडावर दोन ओळी लिहिल्या तरी खाली माणसांची रांग लागायची. व्वा ताई, क्या बात है, डोळ्यांत पाणी आलं. मांडावर! चेतनाच्या पोटात दुखायचं आणि ते ती स्वतःपाशी कबूलही करायची. कबूल केल्याने दुखायचं थांबत नव्हतं, एवढंच. हल्ली ती चंदाचे फोनही उचलायची नाही.

तिने आता चंदाच्या खोडी वाचायला घेतल्या. पहिली, मी तांदूळ निवडताना खडा सापडला की तो खिडकीत ओळीने मांडते. दुसरी, नवऱ्यावर रागावले की हिंदीत बोलते. तिसरी, चौथी, पाचवी अशाच गोड गोड. चेतनाला या सगळ्या ठाऊक होत्या, आणि त्यातल्या दोन तर चंदाने बऱ्याच सौम्य करून सांगितल्या होत्या.

सहावीपाशी तिचा अंगठा थांबला.

'मी तलावाकडे तोंड करून उभी राहत नाही. आठवीत असताना शिंगाडे काढायला गेले आणि आमच्या गावच्या तलावात बुडाले. दोनदा खाली गेले. तिसऱ्यांदा वर आले ती काठावरच. त्या दिवसापासून शांत पाण्याला पाठ करून उभी राहते.'

खाली शंभरावर प्रतिक्रिया होत्या. किती धीट हो ताई तुम्ही. त्या वयात एवढं धैर्य. पोरगी असावी तर अशी.

"वर आले म्हणे," चेतना मोठ्याने म्हणाली.

"कोण वर आलं?" योगराजने दारातून विचारलं.

"कोणी नाही. हात धुवा, वाढते."

आली म्हणे वर. जशी काय पायऱ्या चढून आली! चेतनाने छातीएवढ्या पाण्यात उतरून तिची वेणी पकडली होती आणि ओढत ओढत पाळीपर्यंत आणलं होतं. शिंगाड्याचे काटे तळपायात रुतले ते महिनाभर निघत होते. चंदाचे वडील पुनाराम काका म्हणजे जमदग्नी. त्यांना कळलं असतं तर शाळाच सुटली असती. म्हणून दोघी केस वाळेपर्यंत पाळीवर उन्हात बसल्या आणि चंदाने शपथ घातली, कोणाले सांगशील त माही शपथ. चेतनाने ती चोवीस वर्षं पाळली. आई विचारायची, लंगडून काऊन चालून राहिली वो? बाभळीचा काटा, असं सांगितलं. योगराजलासुद्धा कधी सांगितलं नाही. आणि शपथ घालणारीने आज ती गोष्ट चारचौघांत मांडली, आणि मांडताना चेतनाला तेवढी पुसून टाकली.

ओट्यावरचा फोन वाजायला लागला. पडद्यावर चंदाचं नाव होतं.

"चंदाचा फोन हाय," योगराज म्हणाला. "परवाही येऊन राहिला होता. उचलत काऊन नाहीस तू?"

"हात खरकटे आहेत."

हात कोरडे होते. योगराजने ते पाहिलं, पण बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून तो पाट घेऊन मुकाट्याने बसला.

जेवणं होण्याआधीच, भाजी वाढून झाल्यावर, चेतना पुन्हा ओट्याशी गेली. चंदाच्या लेखाखालची चौकट तिने उघडली. नाव निवडायच्या जागी स्वतःचं नाव आलं होतं, ते तिने बदलून 'निनावी' केलं. आणि एका दमात लिहिलं.

'खोटं आहे हे. तू आपली आपण वर आली नाहीस. तुला वेणीला धरून ओढून काढलं. ओढणारीच्या पायात काटे रुतले होते, ते आठवतात का?'

तिने बटण दाबलं. प्रतिक्रिया लगेच दिसायला लागली, शंभर गोडगोड ओळींच्या शेवटी. चेतनाला फार बरं वाटलं. तिने योगराजला आणखी भात वाढला, लोणचं वाढलं, मळणीचं विचारलं. स्वतःही पोटभर जेवली.

ताटं उचलताना तिचा हात मध्येच थबकला. वेणी. वेणीचं या जगात दोघींनाच माहीत होतं.

ती धावतच फोनपाशी गेली. प्रतिक्रिया पुसायचं चिन्ह तिने सगळीकडे शोधलं. स्वतःच्या नावाने लिहिलेलं पुसता येतं. निनावी लिहिलेलं ब्लॉगच्या मालकाशिवाय कोणालाच पुसता येत नाही. नऊ वर्षं ब्लॉग लिहिणाऱ्या, गावभर सगळ्यांना खाती उघडून देणाऱ्या बाईला हे आता आठवलं. तिने फोन पालथा घालून ठेवला आणि भांडी जरा जास्तच जोरात घासली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, ती नोकरी करत होती त्या शाळेच्या ऑफिसात बसलेली असताना केवळराम काकांचा फोन आला. त्यांना कळलं, असंच तिला वाटलं.

"म्याडम, एक इचारू का? राग नका मानू," काका म्हणाले. "तुमी आमचं लिवलेलं छापून काऊन नाही राहिले?"

"काय छापत नाही काका?"

"अजी, तुमच्या ब्लॉगवर. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या लेखावर मी एवढं मोठं लिवलो, सारसाच्या जोडीचं. इटियाडोहवर लिवलो. दर खेपेले तेच येते, मंजुरीनंतर दिसेल म्हणते. मंजुरी काही येत नाही. गटातले लोक म्हणतात, म्याडमले आपलं लिवणं पसंत नसन. मी म्हटलो, आज इचारूनच टाकतो."

चेतनाची नजर समोरच्या कॉम्प्युटरवर गेली. मग म्हणाली, "काका, थोड्या वेळाने करते."

तिला चार वर्षांपूर्वीची दुपार आठवत होती. एका तलावावरच्या लेखाखाली दोन जण भांडले होते, तलाव कोणाच्या आजोबांनी खोदला यावरून, आणि भांडण शिव्यांवर गेलं होतं. ती रडकुंडीला आली होती. मला यातलं एक अक्षर डोळ्यांसमोर नको, असं ती तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या सरांना, दुर्गाप्रसादना, म्हणाली होती. याच टेबलाशी बसून त्यांनी दोन-चार बटणं दाबली होती आणि म्हणाले होते, "मॅडम, टेन्शन मत लो. आता कोणाचंच काही दिसणार नाही." मग त्यांची बदली झाली. ती तेव्हापासून फोनवरूनच लिहीत होती, आणि फोनवर लिहायच्या चौकटीपलीकडे तिने कधी काही उघडलं नव्हतं.

तिने शाळेच्या कॉम्प्युटरवर ब्लॉग उघडला. डाव्या बाजूला 'प्रतिक्रिया' असा शब्द होता. त्याच्या आत 'मंजुरीच्या प्रतीक्षेत'. तिथे एकसष्ट होत्या.

काकांच्या नऊ होत्या. सारसांवरची खरंच एवढी मोठी होती. इतर गटातल्यांच्या चौदा. बाकीच्या अडतीस चंदाच्या.

चंदाने एकही लेख सोडला नव्हता. सुरुवातीची प्रतिक्रिया लांबलचक होती. तिसऱ्या-चौथ्यात तिने लिहिलं होतं, 'तू मंजूर करून नाही राहिली, माहीत हाय मले. चालते. वाचतस ना, तेवढं पुरे.' त्यानंतर आणखी तीसेक लेखांवर, कुठे दोन ओळी, कुठे एकच. गोंदियाकडच्या प्रतापगडच्या लेखाखाली नुसतं, 'डोंगर चढताना तुझे पाय दुखले का?'

सगळ्यात वरची बारा दिवसांपूर्वीची होती.

'चेतना, पयलं फूल तुलेच देऊन राहिली मी. काकांचा नियम हाय म्हणून इथं येऊन विचारते. आणि एक. सहावी खोड तुझ्याबिगर सांगताच येत नाही, पण आपली शपथ हाय. बाबा तर आता नाहीत. मोडू का? हो म्हण, म्हणजे तुझं नाव टाकते. नाही मंजूर केलं त समजून घेईन, मग नाव न घेता लिहीन. फोन केला होता, तू उचलला नाहीस.'

चेतनाने ती दोनदा वाचली. मग खुर्ची मागे सरकवून ती खिडकीशी गेली. बाहेर हातपंपाशी पोरी एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. एरवी ती ओरडली असती. आज तिने उडवू दिलं. तिला लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही कुठेतरी, शंभर लोकांनी धीट म्हटलं ते चंदालाच, हे टोचतच होतं. दोन्ही एकाच वेळी होत होतं, आणि त्याला काही इलाज नव्हता.

निदान ती प्रतिक्रिया चंदाने आतापर्यंत पुसली असेल, असं म्हणत तिने पर्समधून फोन काढला.

पुसलेली नव्हती. निनावी तिथेच होता, आणि त्याच्या खाली रात्रीच चंदाने उत्तर लिहिलं होतं.

'निनावी, बरोबर आहे. वेणी अजून दुखते. आता तरी नाव टाकू का वो?'

सुट्टी संपल्याची घंटा झाली. पोरी हातपंप सोडून पळाल्या. चेतनाने उत्तराची चौकट उघडली आणि लिहिलं, 'टाक.' थोडा वेळ ती त्या एका शब्दाकडे पाहत राहिली. मग पुढे लिहिलं, 'आणि धीट कोण होतं, तेही टाक.'

बटण दाबायच्या आधी तिने वर पाहिलं. नाव निवडायच्या जागी कालपासून 'निनावी'च होतं. ते तिने बदललं.