कळीचा चुना

परशुराम घरतांनी तंबाखू सोडल्याची बातमी राई गावात वर्षातून एकदा तरी येत असे, आणि पंचांगातलं पावसाचं भाकीत ऐकावं तशी गाव ती ऐकून घेत असे. यंदा मात्र ती खरी ठरायची चिन्हं होती. परशुरामआबांच्या डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा उठला होता. तो बघून डॉक्टर तंबाखूबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, फक्त घरी माणसं किती, एवढंच त्यांनी विचारलं.

घरी माणसं म्हणजे मुलगा परेश आणि सून समिधा. पलीकडच्या दाराला आबांची धाकटी बहीण शांताबाई, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. परेश विमानतळावर सामान चढवायच्या-उतरवायच्या कामाला, म्हणजे घरी असला की झोपलेला. तेव्हा आबांना सुधारण्याचं काम समिधाकडे आलं. तिने आबांना देवासमोर शपथ घ्यायला लावली, तंबाखूच्या पुड्या खाडीत भिरकावल्या आणि त्यांची चुन्याची पितळी डबी कुठेतरी लपवून ठेवली.

"टाकून का न्हाय दिलीस?" आबांनी विचारलं.

"तुमच्या बाबांची आहे ना. चट्टा गेला की परत देते."

"भरलेली?"

"रिकामी."

"रिकाम्या डबीत काय मी गंध ठेवू?"

"ठेवा की. शोभेल तुम्हाला."

समिधा मीरा रोडच्या शांती नगरची, फ्लॅटात वाढलेली. ती सून म्हणून राईत आली तेव्हा शांताबाईंनी भाकीत केलं होतं की या पोरीला खाडीचा वास सोसायचा नाही. तिने तो सोसला. वर परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये साबण करायला घेतला, खोबरेल तेलाचा, घरगुती, आणि तो शांती नगरातल्या सोसायट्यांमध्ये बरा खपायला लागला. त्या शेडमध्ये पूर्वी शांताबाईंचे बोंबील वाळत. आता ते उन्हात उघड्यावर गेले. साबणाचा वास बोंबलांना लागतो, ही शांताबाईंची तक्रार. बोंबलांचा वास साबणाला लागतो, ही समिधाची. दोघींचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

आबांना मात्र साबणाचं कौतुक होतं. त्यांची आई केळीचे सोप आणि झावळ्या जाळून राख करायची, भोक पाडलेल्या मडक्यात ती भरून वरून पाणी सोडायची, आणि खाली जो खार टिपटिप गळेल त्यात लुगडी उकडायची. हे त्यांनी सांगितलं तेव्हा समिधा हातातलं काम टाकून ऐकत बसली होती.

"तू ते काय घालतेस, लाय, म्हंजे आपला खारच ना?"

"खारच आबा. पण हा खाराचा बाप आहे. लांब बसा."

लांब बसल्यामुळे आबांनी लाय पाहिली ती पाण्यात विरघळलेलीच. कोरडी असताना ती कशी दिसते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून झालं.

तंबाखू आबांनी शपथेच्या दुसऱ्याच दिवशी मिळवली होती आणि भिंतीवरच्या घड्याळामागे ठेवली होती. अडलं होतं ते चुन्यावाचून. राईपासून मोरव्यापर्यंतच्या सगळ्या टपऱ्यांवर समिधाने त्याच संध्याकाळी ताकीद देऊन ठेवली होती. चुन्याशिवाय तंबाखू म्हणजे मुंडावळ्या बांधून नवरा बसलाय आणि भटजीचाच पत्ता नाही. आबा रोज घड्याळ बघायचे आणि उसासा टाकायचे. समिधाला वाटे, म्हाताऱ्याला वेळ जात नाही.

त्या दुपारी परेश कामावर होता आणि समिधा शेडमध्ये साबणाच्या वड्या कापत होती. आबांनी स्वयंपाकघरात स्टूल ओढलं. डबी असलीच तर वरच्या फळीवर असणार, असा त्यांचा हिशेब. पापडखाराच्या पुडीमागे डबी नव्हती. एक प्लास्टिकची बरणी होती, घट्ट झाकणाची. आत पांढरे शुभ्र पापुद्रे, वर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. शेडमधल्या डब्याला गंज चढायला लागला म्हणून समिधाने राहिलेली लाय सकाळीच त्यात भरून, कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली होती.

आबांनी बरणी उघडली आणि त्यांना हसू आलं. गेल्याच आठवड्यात समिधा विचारत होती, आबा, कोहळ्याच्या पेठ्याला चुन्याची निवळी कशी करायची? म्हणजे पोरीने कळीचा चुना आणून ठेवला होता. सासऱ्याला टपरीवर बंदी आणि कोहळ्याला घरपोच.

आता चुना ओळखण्यात घरतांचा हात धरणारं राईत कोणी नव्हतं. आबांचे वडील खाडीतले शिंपले भट्टीत भाजून चुना करायचे, आणि कळीचा चुना खरा की खोटा याची परीक्षा घरच्या पोरांनासुद्धा माहीत होती. पाणी टाकायचं. तापला तर खरा. आबांनी चिमूटभर पापुद्रे वाटीत घेतले, वर चार थेंब पाणी टाकलं. वाटी चटका बसेल इतकी तापली. आबांना वडिलांची आठवण आली.

त्यांनी घड्याळामागची पुडी काढली, चिमूट घेतली, पुडी परत जागेवर ठेवली. सवय ती सवय. डाव्या तळहातावर तंबाखू, तिला वाटीतला चुना, बऱ्याच दिवसांचा उपास म्हणून अंमळ जास्तच. उजव्या अंगठ्याने मळायला घेतलं. हात जरा बुळबुळीत लागला. उभा जन्म मिठागरात फावडं मारलेला तळवा तो, त्याला तापल्याचं कळायला नेहमीच वेळ लागायचा. आबांनी बार भरला.

तोंडाला वेळ लागला नाही. आबांना ओरडायचं होतं, पण आधी पाणी हवंसं वाटलं. त्यांनी तांब्याएवढा ग्लास घशाखाली ओतला आणि त्याच्याबरोबर तोंडातलं सगळं पोटात गेलं.

स्टूल पडल्याचा आवाज ऐकून समिधा धावत आली. बरणी बघून तिला काय ते कळलं. अशा वेळी जे करायचं ते तिने केलं. आबांचं डोकं मांडीवर घेऊन ती चूळ भरायला लावत राहिली, पाणी, परत पाणी. तंबाखूचा शेवटचा कण त्यात धुऊन गेला. त्याच वेळी शांताबाई दारात आल्या. त्यांना दिसलं ते असं: भाऊ जमिनीवर, बरणी उघडी, आणि सून त्याच्या तोंडात ग्लास ओततेय.

सरकारी इस्पितळात आबांच्या नाकात नळी गेली, दोन्ही हातांना बँडेजचे बोळे बांधले गेले आणि आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, आवाजाचं नंतर बघू. पोलिसांचं मात्र आत्ताच बघायला हवं होतं. हवालदार उत्तम साताऱ्याकडचा, सावकाश माणूस, जे लिहायचा ते मोठ्याने म्हणत लिहायचा. समिधाला त्याने चौकीत बसवून ठेवलं होतं. सासऱ्याचा जबाब काय येतो, त्यावर तिला घरी सोडायचं की आत घालायचं ते ठरणार होतं.

आबा कॉटवर पडून हे ऐकत होते. त्यांना एकच शब्द बोलायचा होता. दोन अक्षरी.

"सून कशी आहे वागायला?" उत्तमने शांताबाईंना विचारलं.

"पोर वाईट न्हाय हो. मेहनती हाय. पन दादाचं नि तिचं रोज तोंडाला तोंड. काय सांगू, खार खाऊन होती ती दादावर."

शांताबाई हे कोणाबद्दलही म्हणायच्या. मासे महाग देणाऱ्या बाईबद्दल म्हणायच्या, पाणी उशिरा सोडणाऱ्या पालिकेबद्दल म्हणायच्या. पण पालिकेच्या वेळी कोणी लिहून घेतलं नव्हतं.

"खार... खाऊन... होती," उत्तम म्हणाला आणि थांबला. "पण बाई, खार खाल्ला तो सासऱ्यानं ना?"

"खाल्ला दादानं. खाऊन ती होती."

उत्तमने दोन्ही लिहिलं.

आबांनी हात उचलले. डाव्या बोळ्यावर उजवा बोळा ठेवून ते घासायला लागले. दुखत होतं, पण घासत राहिले.

"पैशाचं म्हणतात का?" उत्तमने विचारलं.

"न्हाय, न्हाय." शांताबाईंनी ही खूण उभा जन्म पाहिली होती. "चुना. चुना बोलतोय तो."

आबांनी जोरात मान हलवली. हो, हो.

"चुना लावला," उत्तम लिहू लागला. "म्हणजे फसवणूक. सदर महिलेने फसवून पाजल्याचे... खुणेने... सांगतात."

आता आबांनी मान आडवी हलवली, इतकी की नळी हलली. नर्स धावली. "बाबा, मान नका हलवू. ताई, त्यांना त्रास होतोय, बोलू नका तुम्ही." नर्सने दोन्ही बाजूंना उशा लावल्या, आणि आबांकडे होतं तेवढं बोलणंही संपलं.

तेवढ्यात परेश आला. कामावरून थेट, अंगात अजून पट्ट्यापट्ट्यांचं जॅकेट. वडिलांकडे बघून त्याने मान खाली घातली.

"तुमच्या मिसेसचं आणि यांचं पटायचं?"

"तसं... ओके होतं."

"मुद्दाम केलं असेल असं वाटतं का?"

परेशने शांताआत्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. "असेल. नसेलही. मी ड्यूटीवर होतो ना."

आबांनी डोळे मिटले. लाय पोटात गेली तेव्हा त्यांनी वाटी पाडली होती, स्टूल पाडलं होतं. आता पाडायला हाताशी काही नव्हतं.

"असेल... नसेलही," उत्तमने लिहिलं आणि कागद मिटून तो बाहेर गॅलरीत गेला. उशांच्या फटीतून आबांना त्याची पाठ दिसत होती. तो पाठमोराच खिशातून काहीतरी काढत होता, कोपर हलत होतं, आणि ते कसं हलतंय हे आबांना न बघताही कळलं असतं. डावीकडे जरा वळून उत्तमने मळायला घेतलं. मळता मळता कोपर थांबलं. तो आपल्या डाव्या तळहाताकडे बघत राहिला. मग उजव्या अंगठ्याकडे. मग खिडकीतून आत, आबांच्या बोळ्यांकडे.

मळलेली तंबाखू त्याने न खाता खाली झटकली. आत येऊन नर्सला विचारलं, "हात भाजलेत ते नेमके कुठं?"

"डावा तळवा आणि उजवा अंगठा. मला पण विचित्रच वाटलं. पाणी पिताना अंगठा कशाला भाजेल?"

उत्तम कॉटवर वाकला. त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास आला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आबांना माणसात आल्यासारखं वाटलं.

"आबा, पुडी कुठं ठेवलीय? नुसते डोळे मिटा. गादीखाली?"

डोळे उघडेच.

"देवघरात? नाही. घड्याळामागं?"

आबांनी डोळे मिटले ते पुन्हा उघडायला त्यांना वेळ लागला, कारण त्यातून पाणी येत होतं.

"माझी पण तिथंच असते," उत्तम म्हणाला.

घड्याळामागे पुडी सापडली, पडलेल्या वाटीच्या कडेला तंबाखूची काडी सापडली. हे आपल्याला सुचलं कसं, ते उत्तमने लिहिलं नाही. खात्याने कामावर असताना तंबाखू खायला बंदी केलेली होती. त्याने लिहिलं, खात्रीलायक गुप्त माहितीवरून. पोलिसांच्या कागदावर खाडाखोड चालत नाही, म्हणून आधीचं सगळं तसंच राहिलं आणि त्याच्याखाली हे नवीन जोडलं गेलं.

समिधाला सोडलं. सोडण्याआधी रिवाजाप्रमाणे सगळे जबाब तिला वाचून दाखवले.

दुसऱ्या दिवशी ती आली. हातात पिशवी होती. ती कॉटजवळच्या स्टुलावर बसली आणि आबांच्या उशा सरळ केल्या.

"बरणी मीच वर ठेवली," ती म्हणाली. "तुम्ही स्टूल चढाल हे डोक्यातच नाही आलं माझ्या."

आबांनी मान हलवली नाही. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं की अन्ननलिका जळलीय, आक्रसत जाणार, आता पोटाला भोक पाडून तिथून पेज द्यायची. तोंडाने काही नाही. कधी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि परेशने विचारलं नाही.

समिधाने पिशवीतून पितळी डबी काढली आणि आबांच्या उशाशी ठेवली.

"कपड्यांच्या कपाटात होती. माझ्या लग्नाच्या साडीखाली. धुवायची राहून गेली, आत चुना तसाच आहे. राहू दे आता तुमच्याकडेच."

आबा डबीकडे बघत राहिले.

"मी शांती नगरला जाते, बाबांकडे." ती उठली, पदर नव्हता तरी खांद्यावर सारखा केला. "परेश खाली भेटला. परत येशील ना, म्हणाला. मी बोलले, येईन. नाहीही येणार."

आबांनी डावा बोळा उचलला. काय खूण करायची ते त्यांना सुचेना. समिधाने तो हात धरून हलकेच गादीवर ठेवला, नळीला धक्का लागणार नाही असा, आणि ती गेली.

आबा महिन्याभराने घरी आले. पोटाशी नळी, नळीतून पेज, पेज द्यायला शांताबाई. त्या मनापासून करायच्या. पेजेत मीठ बेताचं घालायच्या, आणि दादाला चव लागत नाही हे आठवलं की चिमूट हातातच राहायची.

दुपारी आबा ओट्यावर बसत. डावा तळवा नव्या कातडीने गुलाबी, पोरासारखा झाला होता. ते डबी उघडत. आतला चुना सुकून दगड झाला होता. डबी परत मिटत, आणि उजव्या अंगठ्याने रिकाम्या तळव्यावर मळत बसत.

"काय मळतोयस रे दादा?" शांताबाई विचारत. उत्तर यायचं नाही हे त्यांना माहीत होतं, पण विचारल्याशिवाय राहवत नसे. मग त्या शेडकडे जात. शेडमध्ये बोंबील वाळत होते, आणि त्यांना आता कशाचाही वास लागत नव्हता.