शोषचं कारण

शोष कोण आहे, हे अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात आधी मी ओळखलं. आता हे सांगताना तोंड कडू होतं, पण ओळखलं तेव्हा मी चांगली फुशारले होते.

ज्यांनी ‘मेघवीर’ बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. मराठीतली सुपरहिरोची मालिका, दोन सीझन झाले होते. मेघवीर ढगांतून पाणी खेचून आणतो, आणि शोष नावाचा खलनायक एकेक वस्ती कोरडी करून टाकतो. मेघवीर दिसायला देखणा आणि बोलायला कंटाळवाणा, त्यामुळे सगळी मजा शोषची. दोन सीझनभर त्याचा चेहरा झाकलेला. दुसऱ्याच्या शेवटी तो फक्त पाठमोरा दिसतो, उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. त्या एका खांद्यावर आम्ही चौदा महिने काढले.

आम्ही म्हणजे चौघं. नारायण पेठेत सौमित्रच्या वडिलांचं फोटो फ्रेम करायचं दुकान आहे, ते रविवारी बंद असतं. शटर अर्धं वर करून आम्ही आत शिरायचो आणि न्यायला कुणी न आलेल्या आजोबांच्या तसबिरींमध्ये बसून शोषबद्दल भांडायचो. सौमित्र जाहिराती लिहायचा, विश्वजीत बँकेत, संस्कृती अजून कॉलेजात. मी हडपसरला एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. “हिला चुका काढायचा पगार मिळतो, आपल्या मात्र फुकट काढते,” असं सौमित्र प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा.

आमचा एकच नियम होता, तीन ‘का’. कुणी म्हणालं शोष म्हणजे मेघवीरचा हरवलेला काका, तर बाकीच्यांनी तीनदा ‘का’ विचारायचं. तिन्हींना पटण्यासारखं उत्तर आलं तर तर्क भिंतीवर लागायचा. जो अडकेल त्याने त्या रविवारी पुढे एक अक्षर बोलायचं नाही. विश्वजीतला या शिक्षेचं काही वाटायचं नाही. माझी मात्र पाच मिनिटांत घुसमट व्हायची.

तो खांदा बघितल्यापासून मला झोप नव्हती, कारण तसा खांदा माझ्या घरात आहे. माझे वडील हिंदुराव, आम्ही त्यांना आबा म्हणतो, चौतीस वर्षं पाण्याच्या खात्यात चावीवाले होते. रस्त्याखालच्या व्हॉल्व्हला पुरुषभर उंचीची लोखंडी चावी लावायची आणि आटे फिरवून ठरल्या वेळी ठरल्या भागाला पाणी सोडायचं, हे काम. ती चावी वाहून वाहून त्यांचा उजवा खांदा कायमचा उतरलाय.

“शोष चावीवाला आहे,” मी पहिल्याच रविवारी जाहीर केलं.

“तोच का?” संस्कृतीने विचारलं.

“कारण जमिनीखाली कुठे काय आहे हे साहेबांच्या नकाशात नसतं, चावीवाल्याच्या पायाला माहीत असतं.”

“मग चेहरा का झाकतो?” विश्वजीत.

“झाकायची गरजच नाही. लोक नळ ओळखतात, पाणी सोडणारा कुणी बघितलाय?”

दोघांनी माना डोलावल्या. सौमित्र काच पुसत होता. “छान. पण त्याचा शहरावर एवढा राग का? पगार वेळेवर होत नव्हता?”

मी अडकले. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते माझं नव्हतं. तासभर गप्प बसून मी त्यांचे फालतू तर्क ऐकले. निघताना सौमित्र गाडीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “तर्क चांगला होता तुझा. कारणाअभावी वारला, बिचारा.” तेवढ्याने माझं डोकं फिरलं.

उत्तर असं होतं. मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी आईच्या छातीत कळ आली. आमच्या गल्लीतून हमरस्त्याला जायची जवळची वाट एका नव्या सोसायटीतून होती. त्या जमिनीवर पूर्वी आमचीच भावकी ज्वारी काढायची. पण आता फाटक बसलं होतं, आणि पहारेकऱ्याने रिक्षा आत घेतली नाही. वळसा घालून दवाखान्यात पोचायला पाऊण तास गेला. आई, तुळजाबाई तिचं नाव, रिक्षातच गेली होती. तेरावं झाल्यावर आबा कामावर रुजू झाले आणि त्यांनी त्या सोसायटीचे आटे बंद केले. कुणी विचारलं की सांगायचे, लाइन फुटलीय. तिसऱ्या दिवशी तिथली एक म्हातारी बाई टँकरच्या पाण्याची बादली घेऊन जिना चढताना पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हे कानावर आलं तेव्हा आबा जेवत होते. ताट तसंच सोडून ते सायकलवर गेले, भर उन्हात सगळे आटे सोडले आणि वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत फाटकाशी उभे राहिले. ती बाई पुन्हा चालली नाही.

हे मला कळलं ते आबा निवृत्त झाले त्या दिवशी. सत्काराची शाल त्यांनी अंगावर घेतली नाही, तशीच खुर्चीवर ठेवून आले. मी घरी आल्यावर तोंड सोडलं. माणसं प्रेमाने देतात आणि तुमचा हा काय तोरा म्हणून वाट्टेल ते बोलले. आबांनी सगळं ऐकून घेतलं, मग पाण्याची ही गोष्ट सांगितली आणि म्हणाले, “कुनाला म्हाईत न्हाई हे. तुला म्हनून सांगतुया.”

आणि मी ते सौमित्रला सांगितलं, दहा मिनिटांत, गाडीच्या सीटवर टेकून. का, तर एक रविवार गप्प बसावं लागलं म्हणून. सांगून झाल्यावर म्हणाले, “आता आहे का तुझ्याकडे चौथा का?” सौमित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “नाही. जिंकलीस.” हे आपल्यातच ठेव, असंही मी म्हणाले, आणि त्याने मान हलवली.

पुढे त्याचे रविवार चुकायला लागले. नवीन काम आहे, सांगण्यासारखं नाही, म्हणायचा. फोन मात्र यायचे. चावी नेमकी किती लांब? आटे मोजतात कसे? मला वाटलं, माझा तर्क तो नीट मांडून इंटरनेटवर टाकणार. माहीत नसेल ते मी आबांना विचारून सांगायचे, आणि आबा हौसेने हात हवेत फिरवून दाखवायचे.

कारण आबाही मालिकेचे भक्त. दर शनिवारी आम्ही दोघं जुनेच भाग पुन्हा लावायचो. “असली चावी आसती व्हय?” मालिकेत पालिकेचा माणूस व्हॉल्व्ह फिरवायला वाकला की ते पडद्याला झापायचे. “सायकलीचं पान्हं घिऊन आलाय येडा.” पण शोष त्यांचा लाडका. त्यांचा स्वतःचा एकच तर्क होता आणि त्याला ते कुणाला ‘का’ विचारू द्यायचे नाहीत. “त्यो शेवटाला सुधारतुया बघ.”

“खलनायक सुधारला की मालिका संपते, आबा.”

“मग संपू दे की. आनखी किती चालवायची?”

तिसरा सीझन आला त्या शनिवारी मी सकाळीच स्वयंपाक उरकला. चौथ्या भागात शोषने चेहऱ्यावरचं कापड काढलं. चावीवाला! मी खुर्चीवरून उडी मारली. “बघा, आबा! मी म्हटलं नव्हतं?” मी नाचत होते, खरंच नाचत होते. आणि तेवढ्यात पडद्यावर एक रिक्षा एका फाटकाशी येऊन थांबली.

मी टीव्ही बंद करायला हवा होता. हात उचललाच नाही. फाटक, वळसा, रिक्षात मान टाकलेली बाई. बंद केलेले आटे. जिन्यातली म्हातारी. बादली गडगडत खाली येते, शोष जिन्याखाली उभा राहून तो आवाज ऐकतो, हसतो आणि शहराचं उरलेलं पाणीही बंद करायला निघतो. मग सत्कार, आणि खुर्चीवर ठेवलेली शाल.

आबा उठले. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. श्रेयनामावलीत लेखकांच्या यादीत तिसरं नाव सौमित्रचं होतं. आबा संध्याकाळी परत आले, भाकरी खाल्ली आणि आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी मी नारायण पेठ गाठली. सौमित्र दुकानात एकटाच होता. मी येणार हे त्याला माहीत असणार, कारण दोन कप चहा मागवून ठेवला होता.

“अभिनंदन,” तो म्हणाला. “तुझा तर्क खरा ठरला.”

“माझा बाप विकलास तू.”

“हळू बोल, वर आई आहे.” त्याने कप पुढे सरकवला. “तनुजा, मला आयुष्यात पहिल्यांदा मालिकेचं काम मिळत होतं. त्यांनी विचारलं, शोष असा का? तीस जणांना विचारलं होतं, कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं.”

“ते तुझं नव्हतं.”

“तुझं तरी होतं का?”

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दहा वर्षांची मैत्री. माझ्या चुलतभावाच्या लग्नात याने पंगती वाढल्या होत्या, आबांनी याला आग्रह करकरून जिलबी वाढली होती. आणि हा त्यांच्या खांद्याची मापं घेत बसला होता!

“आणि घ्यायचंच होतं तर पुरं घ्यायचंस ना,” मी ओरडले. “आबांनी पाणी सोडलं होतं! जेवणावरून उठून गेले होते! ते का कापलंस? त्याने खलनायक मऊ पडत होता म्हणून?”

सौमित्रने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचा तो नेहमीचा खवचटपणा पहिल्यांदाच पुसला गेलेला दिसला.

“पाणी पुन्हा सोडलं होतं? हे तू मला कधी सांगितलंस?”

“सांगितलं होतं.”

“नाही. म्हातारी पडली इथे थांबलीस तू. आणि मग म्हणालीस, आता आहे का चौथा का. मी घरी जाऊन जसंच्या तसं लिहून काढलं होतं, तनुजा. शाल होती त्यात. हे नव्हतं. हे असतं तर...” तो थांबला. “हे असतं तर मी त्यांना नेऊन दिलं नसतं, असं म्हणणार नाही. दिलंच असतं. पण हेही दिलं असतं.”

मला तो खोटारडा वाटायला हवा होता. पण मला आठवलं. गाडीच्या सीटवर टेकलेली मी, त्याचं तोंड गप्प झालेलं बघून झालेला आनंद, आणि मनात आलेलं: इथेच थांबावं. पुढचं सांगितलं तर राग कमी होतो, तर्क ढिला पडतो.

“पुढच्या सीझनचं लिखाण सुरू आहे,” सौमित्र म्हणत होता. “मी सुचवू शकतो. शोष पाणी सोडतो, असं.”

मी चहा न घेता निघाले. येताना स्वारगेटच्या सिग्नलला मागच्यांनी हॉर्न वाजवेपर्यंत मला हिरवा दिवा दिसला नाही.

घरी आले तर आबा माझा मोबाइल घेऊन बसले होते. तो मी घरीच विसरले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, बोट पडद्यावर. आमच्यासारख्या हजारो चाहत्यांचा एक गट आहे, तिथे पुढच्या सीझनमध्ये शोषचं काय व्हावं यावर लोक हिरिरीने लिहीत होते.

“बुडवून मारा म्हंत्यात,” आबा म्हणाले. कालपासूनचं हे पहिलं वाक्य. “येक जन म्हंतुया, त्याच जिन्यावरनं ढकला. लई लोकांनी त्याला आंगठा दिलाय.”

“आबा, ते शोषला म्हणतायत.”

“व्हय, त्यालाच म्हंत्यात.” त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. “त्या सौमित्राला तू सांगितलंस?”

“हो.”

“पानी सोडल्यालं बी सांगितलंस?”

रस्ताभर मी ठरवत आले होते की सौमित्रने ते कापलं म्हणून सांगायचं. नाही तरी त्याचं तोंड आबा पुन्हा बघणार नव्हते. पण ते माझ्याकडे असे बघत होते की मला तेवढंही जमलं नाही.

“नाही,” मी म्हणाले. “ते नाही सांगितलं.”

“का?”

आबांनी थोडा वेळ वाट बघितली. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

“सांगाया मला येकच मानूस हुतं, तनू,” ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.