एनिड गार्बटचं पोलादी पिंप

"आडवं धर, सटकतंय!" एनिड ओरडली, तशी तिची मैत्रीण डल्सी हिने पिंपावर बसकणच मारली. करवतीचे दात पुन्हा प्लास्टिकात रुतले आणि पांढरा भुसा शेजारच्या वाफ्यांवर उडाला.

कुंपणापलीकडे नॉर्मन ट्युलिप खिशात हात घालून उभा होता. आमच्या लीक क्लबचा अध्यक्ष.

"काय गुन्हा केला गं त्या पिंपाने?"

"गेल्या साली माझी बिअर नासवली."

"पिंप जुनं नाही झालं, एनिड. हात जुना झालाय."

"मग या जुन्या हाताने करवत कशी चालते ते जवळ येऊन बघ. मान थोडी पुढे कर."

डल्सी एवढी हसली की करवतीचं पातं वाकलं. नॉर्मन हसला नाही. "कमिटीचं ठरलंय. प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी आम्ही तुझी बिअर चाखणार. पास झाली तर टेबलावर. नाही तर यंदा दुकानातले बिअरचे डबे आणू. राग मानू नकोस."

"मानणार. राग मानायला अजून कमिटीची सही लागत नाही ना?"

लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोरली बहीण. आमच्या हेडली गिलमध्ये मात्र ती भाजी नाही, अब्रू आहे. माणसं तिला पोटच्या पोरीसारखी वाढवतात, हेव्यापोटी कुणी रात्री सुरी घालू नये म्हणून वाफ्यात खाट टाकून झोपतात, आणि सप्टेंबरात क्लबात मांडतात. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याच लीकचं सूप होतं आणि अख्खं गाव ते पितं. सोबत एनिडने घरी केलेली बिअर. हे आमच्या लहानपणापासून.

आता खरं बोलतो. त्या क्लबात बायकांना सभासद करून घ्यायला आमच्या मर्दांना हे शतक उजाडावं लागलं. तोवर बायकांनी नवऱ्याबरोबर यायचं आणि बाजूच्या खोलीत बसायचं. एनिडला नवराच नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आमच्या दोन पिढ्यांना जेवू घातलं, पण मोठ्या टेबलाशी बसायची तिला बंदी. तिची बिअर मात्र त्याच टेबलावर मधोमध बसायची. तेवढीच तिची खुर्ची. आणि गेल्या साली त्या खुर्चीवरून तिला खाली ओढलं. पहिला घोट घेऊन लोकांनी तोंडं वाकडी केली. एकाने तर तिच्या देखत ग्लास कुंडीत ओतला.

दोष प्लास्टिकचा होता, हे बिअर करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घासलं की ओरखडे पडतात, ओरखड्यात आंबटपणा घर करतो, मग बाराशे वेळा धुवा. वर झाकणातून वायू निसटतो आणि बिअर मरून पडते. ठाऊक असून सगळे तीच पिंपं वापरतात, कारण स्वस्त. या खोऱ्याने अर्ध्या जगाला पोलाद ओतून दिलं. एनिडचा बाप भट्टीवर होता; दोरीवरचे कपडे तिथल्या धुळीने लाल व्हायचे. मग भट्टी विझवली, माणसं घरी बसवली, आणि आमच्या घरात बादली प्लास्टिकची आली, खुर्ची प्लास्टिकची आली, बिअरचं पिंपही प्लास्टिकचं आलं. स्वस्त मिळतंय ना, मग गप्प बसा. आम्ही बसलो. एनिड बसली नाही.

ती डल्सीला घेऊन एमॉस रेनच्या भंगारात गेली. एमॉसने आधी एका दारू कंपनीचं भलंमोठं पिंप पुढे लोटलं. कडेवर कंपनीचं नाव ठोकलेलं.

"कुणी विचारत नाही गं."

"नाव ज्याचं, पिंप त्याचं. चोरीच्या भांड्यातून गावाला पाजू?"

मग त्याने जस्ताचा मुलामा दिलेली टाकी दाखवली.

"बिअर जस्त खाते, एमॉस. मग माणूस ओकतो. सगळा क्लब एका दमात मारायचाय का?"

"मी कमिटीपुरता विचार केला होता," एमॉस म्हणाला.

दुधाचा अॅल्युमिनियमचा कॅनही तिने नाकारला. त्याचं झाकण वायू धरणारं नव्हतं. शेवटी मागच्या छपराखाली तिला हवं ते दिसलं. बंद पडलेल्या बिंगो हॉलातून आलेली, सरबताची दोन सडपातळ पिंपं. स्टेनलेस स्टीलची. झाकण आतून वर दाबलं जाणारं. जितका वायू भराल तितकं ते घट्ट बसणार. एनिडने आत डोकं घातलं.

"संत्र्याचा वास येतोय," डल्सी म्हणाली.

"तो रबराच्या चकत्यांचा. चकत्या बदलेन. स्टील कुणाचा वास धरून बसत नाही." तिने बोटाच्या पेराने पिंप वाजवलं आणि त्या आवाजावर बराच वेळ कान लावून राहिली.

घरी आल्यावर, जन्मभर प्लास्टिक धुतलेला माणूस करतो तीच चूक तिने केली. एका पिंपात पाणी आणि ब्लीच भरून रात्रभर ठेवलं. प्लास्टिकला ते लागतंच. स्टीलला ब्लीच आतून पोखरतं. सकाळी पिंप उपडं केलं तर तळाला तपकिरी ठिपके, आणि सांध्यातून थेंब थेंब पाणी.

"अगं बाई, स्टीलला पण गोवर निघतो?" डल्सी म्हणाली.

एनिड हसली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. शाळेच्या जुन्या पातेल्यांमध्ये दोन पिंपांची बिअर आंबून तयार होती. चांगलं पिंप एकच उरलं होतं, आणि एमॉसकडे तिसरं नव्हतं.

बातमी कुणी पोचवली कोण जाणे, नॉर्मन हातगाडीवर स्वतःचं प्लास्टिकचं पिंप घेऊन दारात आला.

"उरलेली यात भर. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"हट्टीपणा करू नकोस, एनिड. मी मदत करतोय."

"मला माहितीये. म्हणून तर दारात उभा आहेस, नाही तर फाटकाबाहेर असतास. ने ते."

तो गेल्यावर तिने दुसरं पातेलं वाफ्यांच्या टोकाला नेऊन ओतून टाकलं. डल्सी म्हणाली, "यंदा गोगलगायींची चंगळ आहे."

चाखायच्या रविवारी कमिटीचे तिघे आले. एनिडने तीन ग्लास भरले. बिअर तांबूस, नितळ, जिवंत. नॉर्मनने एक घोट घेतला, थांबला, आणि मग सगळा ग्लास रिकामा करूनच खाली ठेवला.

"चांगली आहे."

"पण?"

"पण एकच पिंप. सगळ्यांना कशी पुरणार? आणि डबे आलेत."

"कधी आले?"

नॉर्मन टोपीची कड चाचपायला लागला. कमिटीतला दुसरा म्हणाला, "मंगळवारी."

"म्हणजे चाखायच्या आधीच तुम्ही थुंकून मोकळे झाला होतात."

"तुझं पिंपही कोपऱ्यात ठेवू की," नॉर्मन म्हणाला.

"कोपरा नको. कोपऱ्यात मी खूप बसले."

सूपाच्या रविवारी एनिडने पिंप हातगाडीवर घातलं आणि क्लबाच्या फाटकाबाहेर, फूटपाथवर, भिंतीच्या कठड्यावर चढवलं. फूटपाथ कमिटीचा नव्हता. तिने बोर्ड लावला नाही, हाक मारली नाही, पैसे मागितले नाहीत. नळी जोडली आणि उभी राहिली.

आधी एमॉस सूपाचा वाडगा घेऊन बाहेर आला. मग भट्टीवरचे दोन म्हातारे. मग गेल्या साली ज्याने कुंडीत ओतली होती तोही आला. एनिडने त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्याचाही ग्लास भरला. बघता बघता रांग कोपऱ्यापर्यंत गेली. माणसं एका हातात वाडगा, दुसऱ्यात ग्लास घेऊन उन्हात उभी होती, आत डब्यांचे ढीग तसेच होते. कुणी भाषण केलं नाही. आमच्याकडे करत नाहीत. लोक प्यायले आणि पुन्हा रांगेत लागले.

नॉर्मन सगळ्यांच्या शेवटी आला. त्याच्या पुढचा माणूस सरकला, त्याने ग्लास पुढे धरला, आणि तोटीने नुसती फुस्स केली. ग्लासात काठोकाठ फेस आला. पिंप संपलं होतं.

नॉर्मन निघायला वळला.

"थांब," एनिड म्हणाली. "बसू दे तो फेस."

तो थांबला. त्याने ग्लास कठड्यावर ठेवला आणि टोपी काढून काखेत धरली. त्याच्या दुसऱ्या हातातल्या वाडग्यात सूपावर साय धरू लागली होती. दोघं ग्लासाकडे बघत उभे राहिले, आणि तळाशी हळूहळू बोटभर बिअर जमत गेली.