‘नाही’वरची खूण

मित्रांनो, मला विकत घेण्याआधी व्यासराज रावांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर माझा हिशेब मांडला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात एक पान छापायला तीन रुपये, एक कागद स्कॅन करायला दहा. मुलीने अमेरिकेतल्या सहा कॉलेजांना अर्ज करायचा म्हणजे निदान सहाशे पानं. मी मिळत होतो अठराशे रुपयांना. म्हणजे पहिल्याच वर्षी मी फुकटात पडणार होतो. पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा होता. तिकडचं चार वर्षांचं शिक्षण: तीन कोटी. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘आपल्याला: शून्य’. तिकडची काही श्रीमंत कॉलेजं हुशार आणि गरजू परदेशी मुलांचा सगळा खर्च स्वतः उचलतात, असं त्यांच्या मुलीने, जननीने, वाचलं होतं. अठराशे घालून तीन कोटी मिळायचे होते. हिशेबनिसाच्या जन्मात असा सौदा पुन्हा येत नाही.

मी एक जुना प्रिंटर आहे. कागद छापतो, आणि काचेवर पालथा घातला तर वाचतोही. जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं मला फक्त थर्माकोल आठवतं. उमेदीची आठ वर्षं चेन्नईबाहेर सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली. नोकरीवर घेतलेल्यांची पत्रं मी छापली आणि काढलेल्यांचीही. पहिल्यांना जाड कागद मिळे, दुसऱ्यांना पातळ. मग नवी यंत्रं आली, माझा लिलाव झाला आणि मी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका भंगारवाल्याच्या फळीवर जाऊन बसलो. त्याच वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात व्यासराज राव हिशेब लिहीत. त्यांनी मला स्कूटरवर पुढे उभं केलं, गुडघ्यांत धरलं आणि नंगनल्लूरला घरी आणलं.

घर दोन खोल्यांचं, पहिल्या मजल्यावर. माणसं तीन. व्यासराज, बालवाडीत शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नी कनका, आणि बारावीतली जननी. ही तंजावरकडची मराठी मंडळी. त्यांची मराठी ऐकून पुण्याचा माणूस कान टवकारेल. आपसांत मराठी, भांडण तमिळमध्ये आणि जननीचा अभ्यास इंग्रजीत. शाळेची वही असो की वीजबिल, व्यासराज कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळद लावल्याशिवाय तो घराबाहेर जाऊ देत नसत. ती हळद माझ्या काचेला लागली. जननीची दहावीची गुणपत्रिका अमेरिकेला गेली तेव्हा तिच्या कोपऱ्यात एक पिवळा डाग होता. “राहू दे,” व्यासराज म्हणाले, “त्यांनाही कळो, कुठल्या घरचा कागद आहे ते.”

मित्रांनो, त्या घरात माझं जेवढं कौतुक झालं तेवढं सिरुसेरीला आठ वर्षांत झालं नव्हतं. आयुधपूजेला कनकाबाईंनी मला चंदन लावलं, कुंकू लावलं, वर शेवंतीची माळ घातली. एक पाकळी कागदाच्या फटीत गेली आणि मी दोन दिवस अडकत होतो. पण कोणी मला थापड मारली नाही. सिरुसेरीला मारत.

जननी दर शनिवारी गाडीने एन्नोरला जायची. तिथल्या खाडीत विजेच्या कारखान्यांची राख उतरते आणि कोळ्यांच्या जाळ्यात मासळी कमी, गाळ जास्त येतो. ती बाटल्यांत पाणी भरून आणायची, शाळेच्या प्रयोगशाळेत तपासायची. त्यावर तिने निबंध लिहिला, कॉलेजांना पाठवायला. अकरा वेळा लिहिला आणि अकराही वेळा मी छापला, कारण व्यासराजांचा पडद्यावरच्या अक्षरावर विश्वास नव्हता. हातात लाल पेन घेऊन ते वाचायला बसत.

“हे ‘माझ्या मते’ कशाला? कोण विचारतं तुझं मत?”

“अप्पा, तिकडे तेच विचारतात.”

“सरी, सरी. तर मग असू दे.”

‘सरी’ म्हणजे बरं. हा त्यांचा तमिळ शब्द घरात दिवसातून शंभरदा यायचा.

ऑक्टोबरात जननीने एका कॉलेजची नियमावली छापून घेतली. खाडीच्या पाण्यावर तिथे खरोखरीचं काम चालायचं. सहांतलं तेच तिचं लाडकं होतं. अकराव्या पानावर तिने पेन्सिलने एका वाक्याखाली रेघ ओढली आणि मग मदतीच्या अर्जाची तयारी सुरू केली. व्यासराजांच्या पगाराची चिठ्ठी, बासष्ट हजार. कनकाबाईंची, अठरा हजार. आयकराचे कागद, बँकेचं पुस्तक. सगळे एकामागून एक माझ्या काचेवर पालथे पडले. एखाद्या घराची खरी ऐपत पाहायची असेल तर स्कॅनरला विचारा. त्या घरात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. दाखवण्यासारखंही फार नव्हतं, आणि तेच तर दाखवायचं होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी राजगोपाल मामा आले. कनकाबाईंचे थोरले भाऊ. एका खाजगी इंजिनियरिंग कॉलेजच्या कचेरीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. कनकाबाई शाळेच्या वार्षिकोत्सवाला गेल्या होत्या. मामांनी कॉफीचा पेला उचलला आणि माझ्या पाठीवरचा गठ्ठा चाळला.

“काय ग कण्णू, हे कसले कागद?” त्यांनी लाडाने जननीला विचारलं.

“मदतीच्या अर्जाचे, मामा. आपल्याला किती परवडतं ते दाखवायचं असतं.”

“आत्ताच? जागा मिळायच्या आधी? वाटी घेऊन कोणी लग्नाला जातो की?”

“तिकडे तसंच असतं, मामा.”

“तुजला काय ठाऊक? सत्तावीस पोरांची फी मी कमी करवली. एकाने तरी फॉर्मवर लिहिलं होतं, पैसे नाहीत म्हणून? आधी सीट. मग बापाने इस्त्रीचा शर्ट घालायचा, पोराचे मार्क हातात घ्यायचे, आणि करस्पाँडंटच्या खोलीबाहेर उभं राहायचं.” करस्पाँडंट म्हणजे इकडच्या खाजगी कॉलेजांचा सर्वेसर्वा. “बाप समोर दिसला की कसलाही माणूस विरघळतो. वीस टक्के, चाळीस टक्के, सोडतोच.”

सत्तावीस हा आकडा खरा होता. मामा थापाडे नव्हते. त्या सत्तावीस घरांत आजही त्यांना पहिल्या पंगतीला बसवतात.

“आता हे सांग,” मामा म्हणाले, “मदत मागणाऱ्या परदेशी पोरांना ती कॉलेजं कमी घेतात की नाही?”

जननी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. “काही ठिकाणी घेतात कमी,” ती म्हणाली.

“झालं तर! व्यासराज, ऐकलंत?”

जननी उठली, नियमावली घेऊन आली आणि अकरावं पान वडिलांपुढे धरलं. “अप्पा, हे वाचा. अर्जाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे चारही वर्षं मागता येणार नाही. स्पष्ट लिहिलंय.”

व्यासराजांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मित्रांनो, इथे त्यांची एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात त्यांच्या खुर्चीमागे मालकाने पाटी लावली होती: ‘पगाराची उचल मागू नये’. त्या पाटीखाली बसून व्यासराज बावीस वर्षं उचल देत आले होते. कोणाची पोरगी लग्नाची, कोणाची आई इस्पितळात. माणूस पाटीकडे बघत उभा राही, आणि व्यासराज “सरी, सही कर” म्हणून वही पुढे सरकवत. जगात नियम असाच असतो, हे ते स्वतःवरूनच शिकले होते.

“पाटी असतेच ग,” ते म्हणाले. “पाटीखाली माणूस बसलेला असतो.”

“आणि तिथे कोणी बसलेलंच नसलं तर?”

“इतकं मोठं कॉलेज, आणि माणूस नाही?” व्यासराज हसले. “तू ‘नाही’वर खूण कर. पुढचं मजवर.”

तिने थोडा वेळ कागद हातात धरला. मग गठ्ठ्यात ठेवून दिला. वडिलांनी याआधी तिचं काही बिघडवलं नव्हतं. अर्ज सहा गेले, फीसकट. फी माफ होत होती, पण माफी मागितली तर ऐपतीचा संशय येईल, असं मामांचं मत पडलं. म्हणून कनकाबाईंची दोन वर्षांची भिशी त्यात गेली. पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत व्यासराजांना हवी होती. मी छापल्या. चौथ्या पानावर तो प्रश्न होता. आर्थिक मदत हवी का? नाही. सहा वेळा माझ्याच शाईने मी ‘नाही’ लिहिलं.

मार्चअखेर निकाल आले. पाच ठिकाणांहून नकार. सहावं तिचं लाडकं कॉलेज, तिथून होकार. सकाळी साडेसहाला, व्यासराजांची पूजा आटोपल्यावर, जननीने ते पत्र उघडलं आणि मला छापायला लावलं. दोन प्रती निघाल्या. एक देवापुढे ठेवली गेली, दुसरी गिंडीला कारखान्यात फिरली आणि तेलाच्या बोटांचे ठसे घेऊन परत आली. कनकाबाईंनी शेजारच्या चार घरांत पायसम दिलं. मामा पेढे घेऊन आले. “आता बघा,” ते म्हणाले. “तिथला करस्पाँडंट कोण? त्याच्या ओळखीचं कोण आहे?”

ओळखीचं एक माणूस निघालं. देवळातल्या शेषाद्रींचा जावई अमेरिकेत होता. कॉलेजपासून दोन हजार किलोमीटरवर.

शेवटी व्यासराजांनी स्वतःच पत्र सांगितलं आणि जननीने ते इंग्रजीत केलं. ‘मी स्वतः येऊन आपल्यापुढे उभा राहिलो असतो, परंतु अंतर फार आहे. माझा पगार असा, पत्नीचा असा. मुलीचे गुण सोबत जोडले आहेत. आपण ठरवाल ते.’ खाली फोन नंबर दिला आणि बोलण्यासाठी वेळ मागितली. तीन दिवस संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसत होते. कनकाबाई म्हणाल्या, “बनियनवर बसा की, घाम किती!” ते म्हणाले, “एकदम समोर दिसलो तर?”

ते कोणालाच दिसले नाहीत. चौथ्या दिवशी चार ओळींचं उत्तर आलं. अभिनंदन. आपल्या कुटुंबाची अडचण समजते. अर्जाच्या वेळी मदत न मागितलेल्या विद्यार्थ्यांना मदत देता येत नाही. एक मेपर्यंत आपला निर्णय कळवावा. खाली नाव होतं, पण माणूस नव्हता.

मदत मागितली असती तर जागाच मिळाली नसती का? असेलही, मित्रांनो. मला ते ठाऊक नाही, आणि छापलेल्या कुठल्याच पानावर ते लिहिलेलं नव्हतं. तीन कोटी मात्र लिहिलेले होते, आणि त्यांच्यापुढे शून्य उरलं नव्हतं.

त्या रविवारी सगळे त्या खोलीत जमले. कनकाबाईंनी उत्तराचा कागद दोनदा वाचला.

“मदत नको, असं लिहिलं कोणी?” त्यांनी विचारलं. “गठ्ठा तर तयार होता. मी माझी पगारचिठ्ठी स्वतः आणून दिली होती. कोणी लिहिलं?”

मामांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. व्यासराजांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं, असं मला वाटतं. पण शब्द यायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढ्यात जननी बोलली.

“मी, अम्मा. घाईत खूण केली. नियम वाचायचा राहिला.”

“अय्यो! अकरा वेळा निबंध वाचलास, आणि एवढं एक वाक्य...”

“राहिलं वाचायचं.”

“पोरं घाई करतात,” मामा हळूच म्हणाले.

व्यासराज तोंड उघडं ठेवून तसेच बसले. मग त्यांनी ते मिटलं. मित्रांनो, माझ्यात चांगलं वाजणारं यंत्र आहे, कागद अडकला तर मी घरभर ऐकू जातो. त्या दिवशी मी नुसता हिरवा दिवा लावून बसलो होतो.

जूनमध्ये जननीने इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्राला प्रवेश घेतला. मामा व्यासराजांना घेऊन गेले, इस्त्रीचा शर्ट घालून, मार्क हातात घेऊन. चाळीस टक्के फी माफ झाली. सत्तावीसाचे अठ्ठावीस झाले. नातलगांत मामांचं नाव झालं, आणि जननीबद्दल एवढंच बोललं जातं: हुशार आहे, पण धांदरट.

एन्नोरला ती आता जात नाही. मला कोणी चालू करत नाही. व्यासराजांनी माझ्यावर एक टॉवेल टाकलाय. वापर नसला की माझी शाई सुकते, आणि ती जिथून झिरपते ती बारीक तोंडं बुजली की मग कितीही झटका, काळं उमटत नाही. म्हणून तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर आठवड्याला एक पान तरी छापा. आणि छापलेलं पान गठ्ठ्यात ठेवू नका. घरातलं लहान कोणी ते पुढे धरून “हे वाचा” म्हणत असेल, तर त्याने दाखवलेल्या जागेवर माणूस शोधू नका, अक्षर वाचा. गरज असेल तर ज्या चौकटीत विचारलंय, त्याच चौकटीत ‘हो’ म्हणा. पुढे उभं राहायला जागा असेलच असं नाही.

आता राहिला शेवटचा हिशेब. कॉलेजला सहावी फी पोचली, आणि जननीची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मामांचं काही गेलं नाही, त्यांचा आकडा एकाने वाढला. कनकाबाईंची भिशी गेली, आणि मुलीवरचा विश्वास थोडा गेला, तोही चुकीच्या खात्यातून. व्यासराज अजून गिंडीला जातात. अजून त्या पाटीखाली बसून उचल देतात, पण आता मुलीच्या कुठल्याही कागदाला हात लावत नाहीत. ती सही मागायला आली की न वाचता करतात, आणि मान वर करत नाहीत. बाकी सगळं जननीने भरलं. एकदा कॉलेज सोडून भरलं. आणि त्या चुकीत बापाचं नाव घरात कोणी घेऊ नये, म्हणून दुसऱ्यांदा. ती दुसरी रक्कम ती अजून भरते आहे. घरी कोणी आलं आणि विषय निघाला की हसून म्हणते, “माझंच वाचायचं राहिलं,” आणि व्यासराज उठून पाणी प्यायला जातात.