भट्टीच्या दिवसांची नोंद

मोतीराम कल्हईवाल्याची भट्टी पेटली की खुर्शीदा खिडकी आपटून लावायची आणि त्याला ऐकू जाईल असं खोकायची. जुन्या नाशकात दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. तापल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा, झोंबरा धूर उठे, तो थेट तिच्या घरात. तिला दमा होता, आणि तो याच धुरानं दिला अशी तिची खात्री होती.

"भट्टी गल्लीच्या तोंडाशी न्या," ती म्हणे.

"दमा तुमचा, भाभी, आणि जागा मी सोडू होय?" मोतीराम भाता मारता मारता म्हणे.

अठ्ठ्याहत्तर साली थंडीच्या तोंडावर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक काम दिलं. "रोज लिहून ठेवा. दम कधी लागला, आधी काय करत होतात, आसपास काय चाललं होतं. मग औषध ठरवता येईल."

खुर्शीदा उर्दू शाळेत शिकलेली. तिला हे फार पसंत पडलं, पण औषधासाठी नव्हे. ही नोंद जोडून मोतीरामविरुद्ध अर्ज करायचा, असं तिनं मनाशी धरलं. मग भट्टीच्या दिवशीचा साधा खोकलाही वहीत चढू लागला. भट्टी थंड असताना छाती भरून आली, तर ती पेन्सिलीला हातही लावत नसे.

अशात मोतीरामचा बाप वारला. मोतीराम बायकापोरांसह पिंपळगावला गेला, भट्टी बंद पडली.

"परत आले की दोन शब्द बोलून ये," तिचा नवरा सलाउद्दीन म्हणाला.

"माझ्या श्वासाची त्यांनी कधी विचारपूस केली?"

सलाउद्दीन पिंजारी. थंडी सुरू झालेली, गाद्या-रजयांचं काम अंगावर आलेलं. मागच्या खोलीत दिवसभर पिंजण चाले, कापसाचे तंतू हवेत तरंगत, पापण्यांवर बसत. खुर्शीदा तिथेच बसून टाके घाली. एका दुपारी सुई हातातून गळाली. ओठ निळे पडले, बोलता येईना. नवऱ्यानं टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. इंजेक्शननं ती सावरली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून नोंद वाचून घेतली. ओळीओळीत शेजाऱ्याची भट्टी. "या आठवड्यातलं काहीच नाही?"

"रोज तर लागत होता," सलाउद्दीन भाबडेपणानं बोलून गेला.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "हे स्वतःसाठी लिहिताय की शेजाऱ्यासाठी? तुम्ही खोटं लिहिणार आणि मी त्यावर औषध देणार?"

खुर्शीदाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंचा राग आला, नवऱ्याचा आला, सगळ्यात जास्त मोतीरामचा आला, कारण तो या वेळी कुठेच नव्हता. पण त्या दिवसापासून ती हट्टानं सगळं लिहू लागली. पिंजण चालली की रात्री उशाला टेकून बसावं लागे. पिंजण थांबली की झोप लागे. तिनं ते नवऱ्याला वाचून दाखवलं.

"कापसानं कोणी मरत नाही," तो म्हणाला. "माझ्या आईनं यातच जन्म काढला."

"आणि गेली कशानं?"

सलाउद्दीननं ताट सरकवलं आणि उठून गेला. आई खोकून खोकून गेली होती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

पुढचे काही दिवस सलाउद्दीननं पिंजण चालूच ठेवली. एका सकाळी तो बाहेर गेल्यावर खुर्शीदानं पिंजण, गठ्ठे, खोळी, सगळं ओढत अंगणात आणून टाकलं. परत आल्यावर त्यानं घर डोक्यावर घेतलं. ती दारात उभी राहिली आणि हलली नाही. शेवटी शिव्या देत त्यानं पिंजणीसाठी लाकडाच्या वखारीमागची पत्र्याची शेड भाड्यानं घेतली.

डोकं भादरलेला मोतीराम परतला, भट्टी पुन्हा पेटली. दोन-चार दिवसांनी हा तमाशा ऐकून तो हसला. "काय भाभी, आता कापसावर फिर्याद का?"

"तुमचा धूर म्हणजे अत्तर नव्हे," ती म्हणाली. "तोही लागतो. तेही लिहिलंय."

ते खरंच होतं. धुराच्या दिवशीही छाती घरघरत होती, फक्त कापसाइतकी नाही. डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. त्या हिवाळ्यात खुर्शीदाला पुन्हा टांग्यात घालावं लागलं नाही.

सलाउद्दीनचा राग मात्र उतरला नाही. संध्याकाळी तो आला की ती त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवी. तो सदरा काढून भिंतीवर आपटी, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. कापसाचा शेवटचा तंतू झडेपर्यंत ती त्याला आत घेत नसे.