किल्ली एरानकडे

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून रिटायर झाली त्याच वर्षी योखेवेदनं इस्राएलमध्ये, बेर्शेबातल्या आपल्या बिल्डिंगखालच्या मिकलातमध्ये, म्हणजे बॉम्बपासून बचावाच्या तळघरात, मुंबईकडून येऊन वसलेल्या लोकांसाठी मराठी वाचनालय सुरू केलं. मुंबईला जाऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडून ती पुस्तकं मागवी. अकरा वर्षांत चारेकशे जमली. मंगळवारी संध्याकाळी दार उघडं, कुणीही यावं, न्यावं.

१९९८ साली परदेशातल्या एका फाउंडेशननं वस्तीतल्या समाजकेंद्राला शिक्षण आणि वाचनालयासाठी ग्रँट दिली. केंद्राचा मॅनेजर एरान तिच्या घरी आला.

"पुस्तकं आम्हाला द्या, योखेवेद. नवा हॉल, मुलांची हिब्रू पुस्तकं, कॉम्प्युटर, सगळं येतंय."

योखेवेद हरखली. फाउंडेशनला यादी हवी होती, म्हणून नात नोफारला हाताशी धरून तिनं तीन महिने खपून एकेका पुस्तकाचं नाव हिब्रूत उतरवलं. पुस्तकं नव्या हॉलमध्ये गेली. देणगीदारांच्या नावाची पाटी लागली. आणि दाराला कुलूप लागलं.

"ग्रँट सामानासाठी आहे, पगारासाठी नाही," एरान म्हणाला. "लायब्रेरियन नेमल्याशिवाय उघडता येणार नाही."

"मी बसते की! फुकट बसते."

"तुमच्याकडे डिप्लोमा नाही."

तिनं नोफारकडून फाउंडेशनला पत्र लिहून घेतलं. उत्तर गोड आलं: रोजच्या कारभारात आम्ही पडत नाही, केंद्राशी बोला. केंद्र म्हणे, फाउंडेशनशी बोला. नोफार वैतागून आजीला हिब्रूत म्हणाली, "सोड ना, सावता."

"सोडू कशी गो?" आजी उसळली. "माझ्या हातानं नेऊन दिली मी!"

नऊ महिने असेच गेले. शेजारचा म्हातारा अहरोन जिन्यात भेटला की म्हणे, "बाय, माझी कादंबरी वाचायची अर्धी राहिलीय. डोळ्याचं ऑपरेशन जवळ आलंय. मग दिसेल न दिसेल." योखेवेदला मान वर करवत नसे.

मग एक दिवस एरान धावत आला. फाउंडेशनचे पाहुणे येणार होते. "चाळीस-पन्नास माणसं आणा. बायकांना साड्या नेसायला सांगा. वाचक दिसले पाहिजेत."

"आणते," योखेवेद म्हणाली. ती घरोघर फिरली आणि प्रत्येकाला बजावून आली, बाजाराची मोठी पिशवी घेऊन या.

त्या दिवशी हॉल उघडला. फोटो निघू लागले तशी ती मराठीत मोठ्यानं म्हणाली, "उचलवतील तेवढी घ्या. परत आणायची नाहीत!"

फाउंडेशनच्या पाहुण्या बाईंना भरून आलं. केवढी ही वाचनाची आवड! एरानला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण कपाटं रिकामी होऊ लागली तसा तो तिच्या कानाशी आला. "हे काय चाललंय? पुस्तकं केंद्राची आहेत!"

"मग घरोघर येऊन गोळा करा. यादी आहेच तुमच्याकडे."

पाहुण्यांसमोर त्याला ओरडता येईना.

ऑपरेशनच्या आधी अहरोनची कादंबरी वाचून झाली. पण मुलांची कोरी हिब्रू पुस्तकं, त्यांच्या प्लॅस्टिकच्या कव्हरांसकट, आतच राहिली. ती योखेवेदनं दिलेली नव्हती, त्यामुळे तिला मागता येईनात. पाहुणे गेले, कुलूप परत लागलं.

दोन महिन्यांनी बातमी आली: वाचकांचा उत्साह बघून फाउंडेशननं दुसरी ग्रँट दिली होती. आणखी कपाटांसाठी.

योखेवेदनं नोफारला कागद घ्यायला लावला. "लिही. कपाटं नकोत. दार उघडणारा माणूस द्या."

या वेळी गोड उत्तरही आलं नाही.